भोकरझरीचा तक्ता

१

मोहवाडीत गोवरानं दोन लेकरं गेली, आणि दोघांचीही नावं गोवराची लस टोचलेल्यांच्या यादीत होती.

यादी रेणुकाबाई नर्सच्या अक्षरातली. १९ एप्रिल १९८९, बुधवार, एकूण सव्वीस मुलं. मे महिना निम्मा सरायच्या आत त्यांतल्या अकरा जणांच्या अंगावर पुरळ उठलं, आणि दोघांच्या छातीत भरलेला कफ काही केल्या सुटला नाही. बाईनं पाण्याच्या सुया टोचल्या, असं वाडीनं ठरवून टाकलं. तेव्हापासून भोकरझरीच्या दवाखान्यातल्या कुणालाच वाडीत पाऊल टाकता येईना.

चौकशीला आदिलाबादहून चारुशीलाबाई आल्या. जिल्ह्यातल्या सगळ्या नर्सांवर त्यांची देखरेख. वय बावन्न, नोकरी अठ्ठावीस वर्षांची, डोळ्यांवर जाड चष्मा. सकाळी साडेआठला जीपमधून उतरल्या तेव्हा रेणुकाबाई दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली होती. तीन दिवसांपासून तिला तिथंच बसवून ठेवलं होतं. ती उठून उभी राहिली.

आत डॉक्टर गोपाळरावांच्या टेबलावर कागद तयार होता. रेणुकाबाईला बडतर्फ करण्याची शिफारस, टाइप केलेली. खाली दस्तखतापुरती जागा मोकळी.

"तुमचा अहवाल जोडला की पाचच्या जीपनं पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

गोपाळराव माणूस खोटा नव्हता. चारुशीलाबाई त्यांना लहानपणापासून ओळखत, एकाच गल्लीतले. खाजगी पेशंट बघायचे नाहीत, औषधाची एक गोळी इकडची तिकडं होऊ द्यायचे नाहीत. आवाज मात्र असा, की कुणाला काय बोलले ते बाहेर ओट्यावर बसलेल्या पेशंटांनाही शब्दन् शब्द ऐकू यावा.

"तिनंच केलं हे कशावरून?"

"सोपं आहे. लस इथं फ्रीजमध्ये होती तोवर उत्तम होती. तापमानाचा तक्ता लटकवलाय, स्वतः बघा. मोहवाडीत पोचली तेव्हा मेलेली होती. मधे कुणाच्या हातात होती? बर्फ न घेताच गेली असणार उन्हातनं. मी आठवडाभर ट्रेनिंगला गेलो होतो, सतरा तारखेला परत आलो. आल्याबरोबर सगळ्यांना विचारलं, काही अडचण? सगळे म्हणाले, काही नाही साहेब."

"सगळे म्हणजे?"

"फार्मासिस्ट व्यंकटेश, रेणुकाबाई, शिपाई डोमाजी. सगळे."

चारुशीलाबाईंनी तो कागद उचलला नाही. फक्त म्हणाल्या, "आधी वाडीत जाऊन येते."

२

वाडीच्या तोंडाशी रस्त्यात आडवी बैलगाडी लावलेली होती. चारुशीलाबाईंनी जीप तिथंच ठेवली आणि पदर डोक्यावर घेऊन एकट्याच पायी निघाल्या. गाडीजवळच्या माणसांनी त्यांना अडवलं नाही, वाटही दिली नाही. त्या चाकाला वळसा घालून गेल्या.

बयनाबाईची दोन वर्षांची नात गेली होती. म्हातारी दारात निंबाच्या सावलीत सरकी वेगळी करत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"काऊन आली माय? लिहून न्याले?"

"विचारायला आले. तुम्ही सांगाल तेवढंच लिहीन."

सरकी काढता काढताच म्हातारी बोलू लागली. सुई देल्ली होती, खोटं कायले सांगू. मीच पोरीले मांडीवर धरलं होतं.

"बाईच्या डब्यात बर्फ होता का?"

"होता ना. माह्या नातवानं तुकडा मांगतला, बाईनं देला नाई. औषधाचा हाय म्हने." म्हातारीचे हात थांबले. "पोट्टं रडलं म्हणून मी बाईवर चिडली होती."

"दिवस बुधवारच होता हे नक्की?"

"नक्की. गिरणी चालू होऊन तीन रोज झाले होते. मी दळण घेऊन आली तं बाई पारावर बसेल. त्याच्या आंधी पाच रोज जात्यावरच दळून राह्यलो होतो आमी. हे पहा हात."

"गिरणी का बंद होती?"

"लाईन नव्हती ना. वावधन आलं, खांबच्या खांब झोपले. इथून तं पार भोकरझरीलोग अंधार."

चारुशीलाबाईंनी वहीत बोटांवर मोजून तारखा लिहिल्या. बुधवार एकोणीस. त्याआधी तीन दिवस, रविवार सोळा. त्याआधी पाच दिवस.

अकरा ते सोळा एप्रिल, ऐन उन्हाळ्यात, भोकरझरीत वीज नव्हती. आणि त्याच दिवसांचा तक्ता त्या सकाळी फ्रीजवर पाहून आल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं: पाच, चार, पाच, पाच, चार, पाच.

३

औषधाच्या खोलीत व्यंकटेश कुलूप काढून बाजूला उभा राहिला. तो फार्मासिस्ट, तिशीतला, अंगात इस्त्रीचा शर्ट. शाळा तेलुगूत झालेली, त्यामुळं मराठी बोलताना मधेच अडायचा. फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा बघून तक्त्यावर लिहायचं काम त्याचंच.

"लाईन जाते का रे इथली?"

"जाते मॅडम. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एवढं काही नाही."

"एप्रिलमध्ये?"

"तसंच." त्यानं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

त्यांनी पुढं विचारलं नाही. फ्रीजमधून एप्रिलच्या साठ्यातली उरलेली एक बाटली काढली. गोवराची नव्हे, घटसर्प-डांग्या खोकल्याची, पातळ दुधासारखी दिसणारी. तसलीच एक त्यांनी जिल्ह्याहून आपल्या पेटीत आणली होती. दोन्ही बाटल्या एकदमच हलवल्या आणि खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या.

पाव तासानं त्यांची बाटली अजून गढूळ होती. भोकरझरीच्या बाटलीत मात्र वर नितळ पाणी आणि तळाशी पांढरे फुटके कण.

हे कण कशानं होतात ते त्या नर्सांना दरवर्षी शिकवायच्या. ही लस गरम झाली तर असं होत नाही. गोठली तर होतं.

पाच दिवस वीज नव्हती, बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, आणि लस गोठलेली. चारुशीलाबाई खुर्चीत टेकल्या. त्यांनी बाटली पुन्हा उचलून चष्म्याजवळ धरली. लेबलाची कड सुटलेली, आणि कडेला पांढुरकी पूड चिकटलेली. बुरशी असावी म्हणून त्यांनी नखानं खरवडली. बुरशी नव्हती. त्यांनी ती जिभेच्या टोकाला लावून पाहिली.

मीठ होतं.

४

बाहेर बाकावर त्या रेणुकाबाईच्या शेजारी जाऊन बसल्या.

"बाटल्या फ्रीजमधून तू काढल्यास त्या दिवशी लेबलं कशी होती?"

रेणुकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिला नोकरीतून काढायला कागद टाइप झालाय हे तिला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर तो कागद आणखी खरा होणार होता.

"सुटून आली होती," ती शेवटी म्हणाली. "बाटल्या चिकट लागल्या हाताला."

"मग?"

"मी व्यंकटेशले विचारलं, या बाहेर राह्यल्या होत्या काय? त्यानं तक्ता दाखवला. पाच डिग्री. मग मी काय म्हणू?"

"डॉक्टरांना विचारलं का?"

रेणुकाबाईनं दाराकडं पाहिलं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. कुणा पेशंटला केसपेपर हरवल्याबद्दल बोलत होते.

"बाई, तुमी खरं सांगा. तुमी विचारलं असतं?"

चारुशीलाबाईंनी वही उघडली.

"मले शंका होती," रेणुकाबाई म्हणाली. "शंका असून मी सव्वीस लेकराईले सुई टोचली. हे बी लिहा. पण पाण्याची सुई देल्ली असं नका लिहू."

दुपारी बाजाराच्या चौकात खुशाल कुल्फीवाला सापडला. मोठ्या लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ, मधे कुल्फीचं मडकं. चारुशीलाबाईंनी कुल्फी घेतली, सावलीत उभं राहून खाल्ली, आणि सहज विचारलं, एप्रिलच्या वादळात धंदा कसा झाला.

"धंदा कायचा बाईसाहेब. बादलीच नव्हती माह्यापाशी दोन रोज. मांगून नेली होती एकानं. घरी पूजा हाय म्हने, परसाद थंडा ठेवाचा हाय."

"कोणी नेली?"

खुशालनं सांगितलं. त्यांनी कुल्फीचे पैसे दिले. दवाखान्यात परतताना त्यांनी मनाशी एक ठरवलं: ते नाव आपण घ्यायचं नाही. त्या माणसानं ते स्वतः सांगितलं पाहिजे.

५

साडेतीनला त्यांनी व्यंकटेशकडून जुने तक्ते मागवून घेतले. तीन वर्षांचे, सुतळीनं बांधलेले.

सुरुवातीचे कागद त्या उभ्यानंच चाळत होत्या. तीन, सात, सहा, नऊ, पाच. एके ठिकाणी दहा, बाजूला लिहिलेलं, 'लाईन गेली, बर्फ घातला.' अक्षर व्यंकटेशचंच. आकडे वर-खाली होत होते, जसे कुठल्याही खऱ्या फ्रीजचे होतात.

मग ९ जून १९८७. चौदा. बाजूला, 'फ्रीज बंद पडला. साहेबांना सांगितलं.'

दहा जूनला चार. अकराला पाच. पुढं पान उलटलं तरी चार आणि पाच. दिवाळी, संक्रांत, पुढचा उन्हाळा, सगळीकडं चार आणि पाच.

"नऊ जूनला काय झालं होतं?"

व्यंकटेश भिंतीकडं बघत म्हणाला, "मेमो मिळाला. निष्काळजीपणाचा. ओट्यावर चाळीस पेशंट होते मॅडम. माझी बायको पण होती, दाखवायला आली होती. सगळ्यांच्या समोर..." तो थांबला. "फ्रीज माझ्यामुळं बिघडला नव्हता. मी फक्त सांगितलं होतं."

"आणि या एप्रिलमध्ये?"

"पहिल्या दिवशी बघितलं, एकोणीस डिग्री. दुसऱ्या दिवसापासून बघितलंच नाही."

चारुशीलाबाईंनी शेवटचा गठ्ठा उलटला. डिसेंबर १९८८ चा तक्ता. त्याच्या खाली लाल शाईत शेरा होता: 'अत्युत्तम. इतर केंद्रांनी आदर्श घ्यावा.' शेऱ्याखाली दस्तखत.

दस्तखत त्यांचंच होतं.

त्यांनी तो कागद गठ्ठ्यातून वेगळा काढला. दीड वर्षात चार-पाचाबाहेर एकदाही न गेलेला आकडा. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला दिसायला हवा होता.

६

चार वाजता डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर खुर्चीत, रेणुकाबाई आणि व्यंकटेश भिंतीशी, आणि दारात डोमाजी, दवाखान्याचा शिपाई. अकरा वर्षं तो रोजंदारीवर झाडलोट, कुलूपकिल्ली सांभाळत होता. त्याला कायम करण्याचा अर्ज डॉक्टरांच्या शिफारशीसाठी याच टेबलाच्या खणात पडून होता.

"लस मोहवाडीच्या रस्त्यात बिघडली नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या. "इथंच बिघडली. अकरा ते सोळा लाईन नव्हती, गोवराची लस गरम होऊनच मेली. डब्यात बर्फ घेऊन रेणुकाबाई निघाली, पण तिच्या डब्यात होती ती लस आधीच मेलेली."

"अशक्य," डॉक्टर म्हणाले. "तक्ता..."

"तक्ता खोटा आहे. त्या गोष्टीकडं नंतर येते. आधी दुसरी गोष्ट. त्या दिवसांत कुणीतरी लस फ्रीजमधून काढून मीठ घातलेल्या बर्फात ठेवली होती. लेबलांवर अजून मीठ आहे. मीठ घातलं की बर्फ आणखी थंड होतो, आणि घटसर्पाची लस त्यात गोठून जाते. हे व्यंकटेशला माहीत आहे, रेणुकाबाईला माहीत आहे, ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं असतं. म्हणजे ठेवणारा माणूस या दोघांपैकी नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की औषध थंड राहिलं पाहिजे. आणि त्याच्याकडं किल्ली होती."

डॉक्टरांची नजर सावकाश दाराकडं वळली.

चारुशीलाबाईंनी नाव घेतलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकत होता. त्यांना वाटलं, आता हा बोलणार नाही, आणि आपल्यालाच नाव घ्यावं लागणार.

"मीच ठेवल्या," डोमाजी म्हणाला.

डॉक्टर उठले. "तू? कुणाला विचारून? तुला अक्कल..."

"गोपाळराव," चारुशीलाबाई म्हणाल्या. दवाखान्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. "त्याचं पूर्ण होऊ द्या."

डॉक्टर उभेच राहिले. डोमाजीनं दाराची चौकट धरली.

"फ्रीज गरम झालता साहेब. मी व्यंकटेश साहेबाले सांगतलं, थे म्हनले मी पायतो, तू बोलू नको. तिसऱ्या रोजी हात लावला तं भट्टीवानी. मले वाटलं, लेकराईचं औषध हाय. खुशालची बादली आनली. दोन रोज ठेवल्या. मंग बर्फ सरला, बसबी बंद होती, बर्फ येईना. पुन्हा फ्रीजमंदीच ठेवल्या." त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं. "तुमी सतरा तारखेले आले तं मी सांगाले आलतो. 'साहेब, थे लाईन' एवढं म्हनलं. तुमी म्हनले, बिलाचं नंतर पाहू, बाहेर हो. मी बाहेर झालो."

डॉक्टरांना आठवत होतं की नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"कुणीही येऊन मला सांगू शकलं असतं," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी काय वाघ आहे?"

चारुशीलाबाईंनी ९ जून १९८७ चा तक्ता त्यांच्यापुढं ठेवला आणि चौदावर बोट टेकलं.

"हा तुमच्या दवाखान्यात लिहिलेला शेवटचा खरा आकडा. लिहिणाऱ्याला काय मिळालं ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर या तिघांपैकी एकाला फ्रीज बंद असल्याचं माहीत होतं, एकानं जीव तोडून लस वाचवायचा प्रयत्न केला, एकीला शंका आली. तिघंही या खोलीच्या दारापर्यंत आले. आत कुणी आलं नाही." त्यांनी दुसरा तक्ता वर ठेवला, लाल शेरा असलेला. "आणि हे माझं. खोट्या आकड्यांना मी शाबासकी दिली. अहवालात पाच नावं जातील, गोपाळराव. तुमचं आणि माझं आधी."

डॉक्टर खाली बसले. बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी टाइप केलेला कागद घेतला, चार घड्या केल्या, आणि खिशात घातला.

"डोमाजी," ते म्हणाले, "बस. तिकडं स्टूल आहे."

डोमाजी त्या खोलीत कधी बसला नव्हता. तो उभाच राहिला.

७

अहवालानंतर व्यंकटेशची बदली नार्नूरला झाली. चारुशीलाबाईंना मेमो आला. डॉक्टरांना काय आलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः नवी लस घेऊन मोहवाडीला निघाले. बरोबर रेणुकाबाई, डोमाजी आणि चारुशीलाबाई.

वाटेत जीपचा टायर फुटला, स्टेपनीतही हवा नव्हती. उन्हात अडीच तास गेले. पोचले तेव्हा बैलगाडी अजून रस्त्यात आडवी होती. डॉक्टर तिथंच उतरले आणि जमलेल्या माणसांसमोर उभे राहिले. बोलायची सवय असूनही त्यांना सुरुवात सापडत नव्हती.

"त्या दिवशीची लस खराब होती," ते म्हणाले. "आमच्या दवाखान्यात खराब झाली. या बाईचा दोष नव्हता. मुख्य मी होतो, मला कळायला हवं होतं."

कुणी शिवी दिली नाही, कुणी बरंही म्हटलं नाही. दोन माणसांनी जू उचलून गाडी बाजूला घेतली, एवढंच.

पारावर टेबल मांडलं. आया लेकरं घेऊन लांब उभ्या. खूप वेळानं बयनाबाई पुढं आली. कडेवर वर्षाचा नातू, मोठ्या मुलाचा, अजून गोवर न झालेला. ती रेणुकाबाईसमोर बसली आणि तिनं पोराची बाही वर केली.

रेणुकाबाईनं सुई हातात घेतली. डोमाजीनं लसीच्या डब्याचं झाकण उघडलं, आत हात घातला, आणि तसाच थांबला.

"साहेब," तो म्हणाला.

सगळी वाडी बघत होती. तीन आठवड्यांनी कसंबसं इथवर आलेलं सगळं त्या एका शब्दापाशी येऊन थांबलं होतं. चारुशीलाबाई एक पाऊल पुढं सरकल्या.

"बोल," डॉक्टर म्हणाले.

"बर्फ सारा पाणी झाला. पाणीबी कोमट हाय." डोमाजीनं ओला हात बाहेर काढला. "आज नका देऊ साहेब."

डॉक्टर डब्याजवळ आले, आणि वाकून स्वतः पाण्यात बोटं बुडवली.

"झाकण लाव," ते म्हणाले. मग बयनाबाईकडं वळले. "आजी, आज टोचत नाही. ही गेली. उद्या दुसरी आणतो. यायला उशीर झाला तरी उद्याच आणतो."

म्हातारीनं त्यांच्याकडं आणि मग डोमाजीकडं पाहिलं. पोराची बाही तिनं खाली ओढली.

"या उद्या," ती म्हणाली. "आमी वावरात जात नाई सकाळी. घरीच राहतो."